टेम्पोच्या दोरावर शेवया

मे महिना लागला की कलबुर्गीच्या रस्त्यांवर सामानाचे टेम्पो दिसायला लागतात. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं, आणि त्या उन्हात कुणाचा तरी संसार पाय वर करून चाललेला असतो. टेबल उलटं, पलंग आडवा, प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या, आणि सगळ्यांत वर बादलीत एखादं कढीपत्त्याचं भेदरलेलं रोप. आमच्या भागात आंबे, लग्नं आणि बदल्या एकाच हंगामात पिकतात. शाळांना सुट्टी लागली की सरकारी माणसांच्या घरातून पोती आणि सुतळ्या बाहेर निघतात.

असा टेम्पो दिसला की मी थांबून बघते. काल सिग्नलला एक उभा होता. मी नवऱ्याला म्हटलं, "दोर ढिला बांधलाय. पहिल्या खड्ड्याला तो कूलर खाली येणार."

"तुझा कूलर हाय का?" तो म्हणाला.

माझा नव्हता. पण मी अप्पांची मुलगी आहे. दुसऱ्याचं बांधलेलं सामान बघून नाक मुरडणं हे आमच्याकडे बापाकडून आलेलं आहे, नाकासकट. दोर कुठून सुरू झाला, कुठं ओढला, गाठ कुठल्या अंगाला मारली, हे मी एका नजरेत बघते आणि मनात म्हणते, हे अप्पांनी बांधलेलं नाही. अप्पांनी बांधलेलं सामान ओळखायची खूण सोपी होती. ते सुटायचं नाही. नव्या घरात पोचल्यावरसुद्धा सुटायचं नाही. शेवटी विळी आणावी लागायची, आणि विळी त्याच गाठोड्यात असायची.

अप्पा मराठी शाळेत गणित शिकवायचे. बदली झाली की त्यांच्या अंगात यायचं. हमाल लावायला त्यांचा ठाम विरोध होता. "हमाल सामान उचलतात. समजून कुठं घेतात?" असं म्हणून ते बनियनवर अंगणात उभे राहायचे आणि सगळ्या घराकडे असं बघायचे, की भांडीसुद्धा सावरून बसावीत. त्यांचा सिद्धांत एकच होता. पोकळी न्यायची नाही. रिकामा हंडा टेम्पोत चढवणं म्हणजे भाडं भरून हवा वाहून नेणं. म्हणून हंड्यात पातेलं, पातेल्यात कुकर, कुकरमध्ये मोजे, मोज्यांत खिळे. पिठाच्या डब्यात इस्त्री. माझ्या दप्तरात खलबत्ता. बुटांत लसूण.

हे सगळं बसवताना त्यांना जो आनंद व्हायचा, तो मी त्यांच्या चेहऱ्यावर एरवी फार कमी बघितला. अडचण एवढीच होती की काय कशात आहे हे त्यांना फक्त भरतानाच माहीत असायचं. मुडबीहून खटकचिंचोळीला आलो तेव्हा चहाची गाळणी सापडेना. पुढचे कित्येक दिवस आमचा चहा अप्पांच्या रुमालातून गाळला गेला, आणि येणारे पाहुणे एकच कप पिऊन उठायचे. गाळणी दिवाळीला सापडली, रेडिओच्या मागच्या झाकणात. "बघ," अप्पा म्हणाले, "जराही चेपली न्हाई."

या सिद्धांतातून सुटलेली एकच वस्तू होती, आमची पांढरी बुद्धमूर्ती. तिच्या आत काही भरायचं नाही आणि तिला कशात भरायचं नाही, हे आईनं एकदा सांगितलं ते सांगितलं. ती प्रत्येक बदलीला आईच्या मांडीवर बसून ड्रायव्हरशेजारून प्रवास करायची. त्या सगळ्या गोंधळात शांत तेवढीच असायची.

खटकचिंचोळीला घर मिळवणंही सोपं गेलं नव्हतं. आम्ही बौद्ध. भाड्याचं घर बघायला गेलं की लोक आधी नाव विचारतात, मग आडनाव, आणि आडनावाचा अंदाज लागला की त्या घराला अचानक रंग द्यायचा असतो, नाहीतर पुण्याचा भाचा राहायला येणार असतो. पुण्याला एवढे भाचे असतील असं मला वाटत नाही. अप्पा प्रत्येक ठिकाणी "बरं, बरं" म्हणून परतायचे. शेवटी कुणीतरी महादेवी अक्कांचं नाव सांगितलं. एकटी बाई, मुलगा बेंगळूरला, अंगणापलीकडच्या दोन खोल्या रिकाम्या. आम्ही गेलो. अक्कांनी आम्हाला वरून खाली बघितलं. अप्पा आडनाव सांगायला तोंड उघडतात तोच त्यांनी हात वर केला आणि आईला विचारलं, "बाई, तुमाला शेवया येतात काय?"

"येतात की," आई म्हणाली.

"मग सामान कधी आणायलात?"

अक्का घरात कन्नड बोलायच्या, आमच्याशी मराठी, आणि शेवयांना मधूनच शाविगे म्हणायच्या. अप्पांना त्या 'मेष्ट्रे' म्हणत, म्हणजे मास्तर. त्यांना खरंच शेवयांना जोडीदारीण हवी होती. खांदा दुखायचा, आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांशी त्यांचं मिठावरून बिनसलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात आईनं अंगणात बाज टाकली, वर धुतलेलं लुगडं अंथरलं आणि वाळवण घातलं. गल्लीतल्या दोघी-तिघींनी आपापल्या बाजा जरा सरकवून घेतल्या. फार नाही, वाऱ्यानं सरकली म्हणता येईल एवढ्याच. अक्का घरातून बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून ते सगळं बघितलं, आणि स्वतःची बाज फरफटत आणून आमच्या बाजेला खेटून लावली. मग दोन्हींवर मिळून एकच लुगडं टाकलं. आईनं त्या दिवशी अप्पांना जेवायला वाढताना तीनदा मीठ वाढलं.

दुसऱ्या वर्षी दोघींनी मिळून भालकीच्या बाजारातून शेवयांचं यंत्र आणलं. ओतीव लोखंडाचं, हिरव्या रंगाचं, उचलताना कंबर आठवावी असं. बाजेच्या लाकडाला ते स्क्रूनं आवळायचं, वरच्या तोंडात पिठाचा उंडा घालायचा आणि बाजूचा दांडा फिरवायचा. पुढच्या जाळीतून शेवया केसांसारख्या खाली उतरायच्या, त्या काठीवर झेलायच्या. पहिल्याच दिवशी कामं वाटली गेली ती कायमची. दांडा आईच्या हातात, कारण अक्कांचा खांदा. झेलायचं अक्कांनी, कारण त्यांच्या मते आईला झेलायची घाई होते. मी काठ्या द्यायचे. दोघी भांडायच्या, हसायच्या, पीठ सैल झालं म्हणून एकमेकींना बोल लावायच्या. आईला सबंध वर्षात एवढं बोलताना मी ऐकलं नाही. एरवी ती कमी बोलायची, गावं बदलून बदलून तिनं ती सवयच मोडली होती. कुणाशी सूर जुळेपर्यंत अप्पांच्या बदलीचा कागद यायचा.

पुढे असाच एका मेमध्ये तो कागद आला. मी पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा देऊन रिकामी झाले होते. बदली कमलनगरला. अप्पांनी कागद वाचला आणि लगेच नजर वर करून घरातल्या पोकळ्या मोजायला लागले. आई मात्र तशीच बसून राहिली. तिला खोल्यांचं काही नव्हतं, नळाचंही नव्हतं. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "घर मिळल गं. पर तिथं कुणाच्या बाजंला बाज लावू?"

माझ्या डोक्यात तेव्हा कॉलेज, वसतिगृह, कलबुर्गी असलं बरंच काही होतं. पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं.

मग यंत्राचा प्रश्न निघाला. दोघींचं मिळून घेतलेलं, आता कुणाकडं राहणार? आई म्हणाली, अक्कांकडं. अक्का म्हणाल्या, बाईंकडं.

"अक्का, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. मी एकटी तिथं काय करू त्याचं?"

"मी तरी एकटी काय करू? पूजा घालू काय?"

"तुमच्या घरात जागा हाय."

"तुमच्या अंगात जोर हाय."

हे असं रोज चालायचं. सकाळी यंत्र आमच्या ओट्यावर असायचं, दुपारी अक्कांच्या स्वयंपाकघरात, संध्याकाळी परत आमच्या ओट्यावर. ते लोखंड उचलून नेताना दोघींच्या तोंडावर घाम आणि खोटं हसू असायचं. माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ज्या घरात यंत्र राहील, तिथं दुसरीची गरज संपली असं दोघींना वाटत होतं, आणि ते कुणालाच नको होतं. अप्पांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त कपाट आणि पलंग यांच्यामध्ये उरणारी एक पोकळी दिसत होती, आणि त्या पोकळीच्या मापाची घरात एकच वस्तू होती.

"यंत्र आपल्यासंगंच येणार," त्यांनी जाहीर केलं. "त्याच्याबिगर लोड बसत न्हाई."

निघायच्या दिवशी सकाळीच ख्वाजाभाईंचा टेम्पो दारात आला. ख्वाजाभाई भालकीचे, दाढी मेंदीनं लाल, स्वभावानं तापट आणि मनानं मऊ. अप्पांनी त्यांना गाडीला हातच लावू दिला नाही. मी आणि अप्पा मिळून कपाट चढवलं, पलंग चढवला, हंडे चढवले. आत काय काय होतं देव जाणे, पण प्रत्येक वस्तू चढताना खुळखुळत होती. नवाकोरा निळा नायलॉनचा दोर अप्पांनी खास आणला होता. तो त्यांनी टेम्पोभर इकडून तिकडे ओढला, पायानं दाबला, दातानं आवळला, आणि मागं सरकून बघितलं. फक्त ती एक पोकळी राहिली होती. "आता यंत्र आणा," अप्पा म्हणाले.

यंत्र आलं नाही. आत जाऊन बघतो तर मोकळ्या झालेल्या घराच्या अंगणात एकच बाज उरली होती, तिला यंत्र आवळलेलं होतं, आणि दोन्ही बाजूंनी आई आणि अक्का बसल्या होत्या. परातीत पिठाचे उंडे ओल्या फडक्याखाली झाकलेले.

"हे काय करायलात?" अप्पा म्हणाले.

"शेवटची खेप," आई म्हणाली. "पीठ भिजवलंय."

"गाडी दारात उभी हाय!"

"मग ऱ्हाऊ दे की उभी. तिला कुठं बसायला सांगायलोय आमी?" हे अक्का म्हणाल्या, अप्पांकडे न बघता, आणि पहिला उंडा यंत्रात घातला. आईनं दांडा फिरवला. शेवया उतरायला लागल्या. अक्कांनी सवयीनं हात मागं केला. "काठी."

काठ्या नव्हत्या. अप्पांनी आदल्या दिवशीच त्या सगळ्या, अक्कांच्यासकट, गादीच्या वळकटीत भरल्या होत्या, कारण गादीची वळकटी आतून पोकळ असते. गादी टेम्पोत, टेम्पोच्या तळाशी, निळ्या दोराखाली. अप्पांची गाठ म्हणजे अप्पांची गाठ. अक्कांच्या हातावर शेवया लोंबत होत्या, त्या एकमेकींना चिकटायला लागल्या आणि घरात काठी म्हणून उभं राहील असं काही उरलं नव्हतं. अक्का तशाच उठल्या, दोन्ही हातांवर शेवया घेऊन दाराबाहेर आल्या आणि टेम्पोकडं बघत थांबल्या.

"मेष्ट्रे," त्या म्हणाल्या, "तुमचा दोर लई चांगला ताणलाय की."

अप्पांना आधी वाटलं हे कौतुक आहे. ते हसलेसुद्धा. तोवर आई ओलं फडकं घेऊन आली आणि दोर पुसायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी अक्कांच्या घरातून धुतलेलं पांढरं धोतर आणून त्याच्या पट्ट्या दोरांवर टाकल्या, आणि अक्कांनी शेवया वाळत घातल्या.

"अरे अरे, ये क्या जी?" ख्वाजाभाई केबिनमधून उडी मारून उतरले. "ये गाडी है! सेवई की दुकान नै है!"

"ऊन कुठलं चांगलंय तेवढं सांगा," अक्का म्हणाल्या.

ख्वाजाभाई दोन मिनिटं तणतणले. मग त्यांनी गाडी सुरू केली, हळूच मागं घेतली आणि उन्हात तिरपी लावली. "इधर धूप सीधी पडती," ते कुरकुरत म्हणाले. नंतर तर ते कामालाच लागले. दोरावरची एकेक लड बोटांनी मोकळी करत त्यांनी आईला बजावलं, "बारीक करो मैडम. ईद को शीर खुरमे में मोटी सेवई अच्छी नै लगती." म्हणजे त्यांनी आपला वाटा मनात धरलाच होता. आत दांडा फिरत होता, अक्का झेलत होत्या, मी धावत धावत आणून देत होते, आणि अप्पा टेम्पोभोवती फिरून गल्लीतल्या शेळ्या हाकलत होते. गणिताचे शिक्षक, हातात माझी पट्टी, तोंडानं "हुर्र". एका शेळीनं तरीही मागच्या कोपऱ्यातली लड ओढली आणि पळाली. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. त्यांतल्या एकीनं, जिची बाज त्या पहिल्या उन्हाळ्यात वाऱ्यानं सरकली होती, घरातून एक जुनी काठी आणून गुपचूप आमच्या ओट्याला टेकवून ठेवली. आता तिचा काही उपयोग नव्हता. पण आईनं ती घेतली.

दुपारभर आमचा संसार असा दारात उभा राहिला, शेवयांच्या झालरी लावून. बिदर जिल्ह्याच्या मेमधल्या उन्हाला दुसरं काही जमत नसेल, पण शेवया वाळवणं त्याच्याइतकं कुणाला जमत नाही. उन्हं कलली तेव्हा त्या कडक झाल्या होत्या. आईनं आणि अक्कांनी मिळून त्या उतरवल्या, डब्यांत भरल्या. ख्वाजाभाईंचा डबा वेगळा.

मग यंत्र. आता खरी लढाई होणार म्हणून मी श्वास रोखून उभी राहिले. पण अक्का स्वतःच उठल्या. आत नेऊन यंत्र धुतलं, पुसलं, पोत्यात घालून सुतळीनं तोंड बांधलं आणि अप्पांच्या हातात दिलं.

"घेऊन जावा मेष्ट्रे. मी काय करू ठेवून?"

अप्पांनी ते पोतं पोकळीत बसवलं. असं बसलं की बोट शिरायला जागा नाही. ते खूश होऊन दोराला शेवटची गाठ मारायला लागले. आईचा चेहरा मात्र उतरला. ती अक्कांच्या पाया पडली, अक्कांनी तिला उठवून धरलं. आई मूर्ती मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसली. भालकी आली. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढ्या लवकर कामून मान्य झाल्या गं त्या?"

तिला अक्कांनी अजून थोडं भांडायला हवं होतं. यंत्र दिलं, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचा विषय संपवला, असं तिला वाटत होतं. मांडीवरची मूर्ती तिनं इतकी घट्ट धरली होती की ख्वाजाभाई म्हणाले, "आराम से जी, रोड अच्छा है." रोड अजिबात चांगला नव्हता.

कमलनगरला दिवेलागणीला पोचलो. सकाळी अप्पांनी सामान सोडायला घेतलं. सगळ्यांत आधी ते पोतं, कारण त्याचा त्यांना अभिमान होता. विळीनं सुतळी कापली, विळी या वेळी शेजाऱ्यांकडून आणली. यंत्र बाहेर काढलं. हिरवं, चकचकीत पुसलेलं. बाजूला जिथं दांडा बसतो तिथं फक्त एक भोक होतं.

"दांडा?" अप्पा म्हणाले.

पोतं झटकलं. दांडा नव्हता. अप्पांना लगेच वाटलं की तो त्यांनीच कशात तरी भरला असणार. त्यांचा स्वतःच्या सिद्धांतावर एवढा विश्वास होता, की दुसरी काही शक्यता असते हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. हंडा उघडला, पातेलं काढलं, कुकर उघडला, मोजे झटकले. खिळे घरभर. पिठाचा डबा उपसला. गादी उलगडली, त्यातून काठ्या निघाल्या. रेडिओचं मागचं झाकणसुद्धा उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचं सगळं सामान एका सकाळीत बाहेर आलं आणि ज्याला जे हवं ते सापडलं. गाळणीसकट. फक्त दांडा नव्हता. अप्पा खिळ्यांच्या मध्ये डोकं धरून बसले. "दांड्याबिगर हे निस्तं लोखंड हाय," ते म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. अक्कांचा होता. त्या फोनवर बेंगळूरपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं बोलायच्या, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"पोचलाव काय, बाई?"

"पोचलो अक्का. पर दांडा सापडंना."

"कसा सापडंल? माझ्याकडं हाय."

आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दांडा तुमच्या हाताचा हाय," अक्का म्हणाल्या. "तुमचा हात मी ठेवून घेतलाय. मी झेलते ती जाळी तुमच्याकडं दिलीय. आता पुढच्या उन्हाळ्याला काय करायचं ते तुमी बघा."

आई हसली. मग रडली. मग अप्पांकडे बघून परत हसली, कारण ते अजून कुकरमध्ये हात घालून बसले होते. त्या दिवशी कमलनगरच्या घरात दूध उतू घातलं तेव्हा आईनं शेगडीवर वाकून ते मुद्दाम जरा जास्तच जाऊ दिलं.

त्यानंतर दर उन्हाळ्याला अक्का एसटीनं यायच्या, कमलनगरच्या स्टँडवर उतरायच्या. लुगड्याच्या ओच्यात बटवा आणि काखेतल्या पिशवीत तो लोखंडी दांडा, फडक्यात गुंडाळलेला. एकदा कंडक्टरनं विचारलं, आजी, पिशवीत काय आहे. अक्का म्हणाल्या, "हात हाय." तो पुढं भालकीपर्यंत त्यांच्या शेजारी बसलेल्या प्रवाशांकडे संशयानं बघत होता, असं त्या सांगायच्या. आल्या की बाजेला यंत्र आवळायचं, दांडा बसवायचा, आणि दोघींचं मिठावरून सुरू व्हायचं. नवीन गल्लीतल्या बायकांना वाटायचं या बहिणी आहेत, कारण एवढं भांडण बहिणींशिवाय कुणाचं नसतं. जाताना अक्का दांडा काढून परत पिशवीत टाकायच्या. अप्पा दर वर्षी म्हणायचे, "अक्का, इथंच ठेवा की. ओझं कशाला?" अक्का ऐकू आलं नाही असं करायच्या. अप्पा कमलनगरलाच निवृत्त झाले आणि मी कलबुर्गीला नोकरीला लागले, तरी ते असंच चालू राहिलं. मेमध्ये एक रविवार काढून मी काठ्या द्यायला जायचे.

या वर्षी दांडा एकटाच आला. अक्कांचे गुडघे गेले. त्यांनी तो ओळखीच्या एसटी ड्रायव्हरच्या हाती पाठवला आणि फोनवर सांगितलं, "आता तुमी करा बाई. मला खाली बसायचंबी होईना. यंत्र पुरं तुमचं." अप्पांना त्यातलं एवढंच कळलं की यंत्र अखेर पूर्ण झालं. त्यांनी दांडा लगेच बसवून फिरवून बघितला. "घट्ट हाय," म्हणाले. आई दारात उभी राहून बघत होती. मग ती आत आली, दांडा काढला, फडक्यात गुंडाळला.

"ख्वाजाभाईला फोन करा," ती म्हणाली. "टेम्पो सांगा."

"कशाला?"

"खटकचिंचोळीला जायाचंय. अक्का स्टुलावर बसना का, झेलायला त्यांना उठायची गरज काय हाय?"

"एका यंत्रासाठी टेम्पो?"

"मला ते एसटीत उचलून न्यायला जमतंय व्हय?"

मी नेमकी त्या रविवारी तिथं होते. टेम्पो आला. ख्वाजाभाईंची दाढी आता लाल ठेवायचं कामही मेंदीला झेपेनासं झालंय. अप्पांनी यंत्र चढवलं, खाली उतरले, आणि त्या मोकळ्या टेम्पोकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर जी यातना उमटली ती मी ओळखली. एवढी मोठी पोकळी. ते आत गेले आणि बाज घेऊन आले. मग दुसरी बाज. मग काठ्या, परात, पिठाचा डबा, आईचा पाट, स्वतःची उशी, अक्कांसाठी उंच स्टूल, पाण्याचा माठ, माठात आंबे. "मोकळी गाडी न्यायची न्हाई," ते स्वतःशीच बोलत होते. शेवटी त्यांनी कुठूनतरी तो निळा दोर काढला, उन्हानं पांढुरका पडलेला, आणि टेम्पोभर ताणला. मी पाठीमागून बघितलं. ही गाठ सुटणार नव्हती.

खटकचिंचोळीला अक्का ओट्यावर काठी धरून बसल्या होत्या. टेम्पो थांबला तशी त्यांनी डोळ्यांवर हात धरला. बाजा, परात, उशी, स्टूल, आई, अप्पा, मी.

"अय्यो मेष्ट्रे," त्या म्हणाल्या, "परत बदली झाली काय?"

"व्हय अक्का," आई टेम्पोतून उतरत म्हणाली. "चार दिवसांची."

अप्पांनी बाज अंगणात टाकली, दुसरी तिला खेटून लावली. अक्कांना स्टुलावर बसवलं. आईनं फडक्यातून दांडा काढला, यंत्राला बसवला आणि फिरवला. पहिली लड उतरली ती अक्कांनी बसल्या जागी झेलली. एकही तार तुटली नाही. त्यांनी टोकाचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि आईकडे बघितलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "मीठ कमीच हाय."